फार्मा कंपनीचा इंटरव्ह्यू: धंदा करायचाय म्हणून टाळू नका, रिजेक्ट झालात म्हणून धंद्यात पळू नका



सातारा-सांगली पट्ट्यात फार्मसी शिकलेली मुलं-मुली भरपूर आहेत. कऱ्हाडला सरकारी फार्मसी कॉलेज आहे. सांगली, सातारा, कासेगाव, विटा इथंही कॉलेजं आहेत. शिवाय केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली मुलं वेगळीच. ही मुलं ट्रेनिंगला आली की दोन प्रश्न हमखास विचारतात.

पहिला प्रश्न: "सर, मोठ्या फार्मा कंपनीचा इंटरव्ह्यू आलाय. पण मला तर बिझनेस करायचाय. मग जाऊन काय उपयोग?"

दुसरा प्रश्न: "सर, दोन ठिकाणी रिजेक्ट झालो. आता नोकरीचा नादच सोडला. घरचे पैसे द्यायला तयार आहेत, सरळ मेडिकल टाकतो."

पहिल्याला मी सांगतो, जा. दुसऱ्याला सांगतो, थांब. बऱ्याच जणांना ही उत्तरं उलटी वाटतात, कारण मोबाईलवर दिवसभर एकच ऐकायला मिळतं: नोकरी म्हणजे गुलामी, स्वतःचा बॉस व्हा, इंटरव्ह्यू देणारे मागे राहतात. टाळ्या मिळवायला हे ठीक आहे. पण औषधाच्या धंद्यात हा सल्ला घेतलात तर तुमचं नुकसान होणार. का, ते सांगतो.

आधी कायदा काय म्हणतो ते बघा

किराणा दुकान उद्या सकाळी चालू करता येतं, औषधाचं तसं नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम आहेत, आणि त्यात "अनुभव" हा शब्द स्पष्ट लिहिलाय.

ॲलोपॅथी औषध बनवायचं लायसन्स हवं असेल तर उत्पादनावर देखरेख करायला पात्र माणूस लागतो. तो बीफार्म असेल तर पदवीनंतर औषध उत्पादनातला किमान १८ महिन्यांचा अनुभव हवा. केमिस्ट्री मुख्य विषय घेऊन बीएस्सी असेल तर किमान ३ वर्षांचा.

होलसेलचं लायसन्स घ्यायचं असेल तर तिथला जबाबदार माणूस नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा. तो नसेल तर औषध व्यवहाराचा १ वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर, किंवा ४ वर्षांचा अनुभव असलेला मॅट्रिक झालेला माणूस चालतो.

आता सांगा, हे १८ महिने किंवा ते १ वर्ष तुम्ही कुठून आणणार? घरी बसून तर येत नाही. कुणाच्या तरी कारखान्यात, कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये काम करावंच लागतं. तुम्ही म्हणाल, "पात्र माणूस पगारावर ठेवू की." ठेवता येतो, कायद्यानं चालतं. पण विचार करा. तुमच्या कारखान्याचं लायसन्स ज्याच्या अनुभवावर उभं आहे तो माणूस महिनाअखेरीला "मी चाललो" म्हणाला, तर दुसरा मिळेपर्यंत तुमची झोप उडणार. आणि त्याचं काम तुम्हाला समजत नसेल तर तो बरोबर करतोय की नाही हे तुम्ही ओळखणार कसं?

म्हणजे ज्याला औषधाचा धंदा करायचाय त्याच्यासाठी मोठ्या कंपनीतली नोकरी ही धंद्याची पहिली पायरीच आहे. आणि त्या पायरीचं दार म्हणजे इंटरव्ह्यू.

इंटरव्ह्यूत नेमकं काय तपासतात?

आपल्याकडची मुलं रविवारच्या वॉक-इनला कुरकुंभ, पुणे, पाताळगंगा, नाहीतर थेट गोव्यात वेर्ण्यापर्यंत जातात. पहाटेची एसटी, हातात फाईल. परत आल्यावर म्हणतात, "सर, पुस्तकातलं सगळं पाठ होतं, तरी घेतलं नाही." मी विचारतो, काय विचारलं? मग खरी गोष्ट कळते. असे तीन प्रश्न बघू, कारण हेच प्रश्न उद्या तुम्हाला तुमचं गिऱ्हाईक, तुमची बँक आणि अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक विचारणार आहे.

पहिला प्रश्न, प्रॉडक्शनचा: "मशीनवर गोळ्यांचं कॅपिंग होतंय. काय कराल?" कॅपिंग म्हणजे गोळीची वरची टोपी सुटून येणं. हुशार मुलगा लगेच म्हणतो, "बाइंडर वाढवीन." तिथंच मार्क जातात! कारण कारखान्यात ऑपरेटरनं किंवा नवीन केमिस्टनं आपल्या मनानं फॉर्म्युल्याला हात लावायचा नसतो. आधी मशीन थांबवायचं. सुपरवायझरला आणि क्यूएला कळवायचं. तोपर्यंत निघालेल्या गोळ्या वेगळ्या करून त्यावर लेबल लावायचं. नोंद करायची. मग कारण शोधायचं: ओलावा कमी आहे का, बारीक पावडर जास्त आहे का, मशीनचा वेग किंवा दाब जास्त आहे का, आत हवा अडकतेय का. तुम्हाला किती माहीत आहे हा इथं दुसरा भाग. गडबड झाली की तुम्ही कोणत्या क्रमानं वागता, हे ते बघत असतात.

आता हे तुमच्या धंद्याला लावा. समजा, सांगलीत हळद पावडरचं युनिट टाकलंय आणि एका दुकानदाराचा फोन आला, "पाकिटात काहीतरी निघालं." तुम्ही काय करणार? त्याच्याशी वाद घालणार, गुपचूप दुसरं पाकीट देणार, की त्या दिवशीचा सगळा माल आधी बाजूला काढणार? उत्तर तेच आहे.

दुसरा प्रश्न, नोंदीचा: "रजिस्टरमध्ये चुकीचा आकडा लिहिला गेला. कसा दुरुस्त कराल?" व्हाइटनर लावीन, पान बदलीन असं म्हणालात की संपलं. बरोबर पद्धत अशी: चुकलेला आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. फार्मात एक साधा नियम आहे, जे लिहिलं नाही ते झालंच नाही.

याला कंपन्या एवढ्या का घाबरतात? रॅनबॅक्सीचं उदाहरण घ्या. भारतातली एवढी मोठी औषध कंपनी. तिच्या भारतातल्या कारखान्यांतल्या खोट्या नोंदींचं प्रकरण आतल्याच एका अधिकाऱ्यानं, दिनेश ठाकूर यांनी, बाहेर काढलं. २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेनं तिथं गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. एवढं मोठं नाव, आणि अडकलं कशात? तर नोंदींमध्ये. म्हणून समोरचा माणूस तुमच्या तोंडून व्हाइटनर हा शब्द ऐकला की पेन खाली ठेवतो.

आणि आपली उधारीची वही कशी असते? अर्धी डोक्यात, अर्धी सिगारेटच्या पाकिटावर. मग बँक तीन वर्षांचा हिशोब मागते तेव्हा आपण सीएकडे धावतो.

तिसरा प्रश्न, सगळ्यात महत्त्वाचा: "टेस्ट फेल आली आहे, ट्रक दारात उभा आहे, साहेब म्हणतात पास कर. काय कराल?" इथं बरीच मुलं गोंधळतात. साहेबाचं ऐकायचं की नाही? उत्तर एकच आहे: पास करणार नाही, लेखी कळवणार, वरच्या पातळीवर नेणार.

हा प्रश्न म्हणजे नुसता परीक्षेतला सापळा आहे असं समजू नका. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरॉल दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, राज्याची सगळी औषध यंत्रणा हादरली. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या बाजूला कोल्ड्रिफ नावाच्या कफ सिरपनं लहान लहान मुलांचे जीव घेतले. रसायन तेच. सिरप बनवलेलं तामिळनाडूतल्या एका कारखान्यात.

दोन्ही वेळेला कुठं ना कुठं कुणीतरी तपासणी टाळली, कुणीतरी "चालतंय की" म्हणालं. आपल्याकडं हा शब्द फार प्रेमानं वापरतात. औषधात "चालतंय की" चालत नाही. आणि मालक तुम्ही असाल तर ट्रक थांबवणारे तुम्हीच, नुकसान सोसणारेही तुम्हीच. हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या इंटरव्ह्यूत कानावर पडलेला बरा, स्वतःच्या कारखान्याच्या दारात नको.

आणखी एक गोष्ट. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सरकारनं सुधारित शेड्यूल एम आणलं. औषध कारखाना कसा चालवायचा याचे हे नियम आहेत, आणि ते २५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या लहान-मध्यम कारखान्यांनाही लागू आहेत, फक्त मुदत जास्त दिली. म्हणजे "मोठ्यांचे नियम वेगळे, आपलं छोटं युनिट आहे" ही सबब आता राहिली नाही. मोठ्या कंपनीत जे शिकाल तेच उद्या तुमच्या छोट्या शेडमध्ये लागणार.

"पाच वर्षांनी कुठे असाल?"

हा प्रश्न आला की धंदा करायची इच्छा असलेल्या मुलाची तंतरते. खरं सांगावं तर घेणार नाहीत, खोटं सांगावं तर मन खातं.

माझं मत सांगतो. खोटं बोलू नका, आणि सगळं मनातलं ओकूही नका. असं म्हणा: "पहिली दोन-तीन वर्षं मला एक विभाग पूर्ण समजून घ्यायचाय. त्या काळात जबाबदारीचं काम मिळालं तर मी पूर्ण वेळ देईन." हे खरं आहे ना? मग झालं. पण जे बोललात ते पाळा. सहा महिन्यांत पळालात तर कंपनीचं ट्रेनिंग वाया आणि तुमचे ते १८ महिनेही अर्धवट.

बनावट अनुभवपत्र तर लावूच नका. मोठ्या कंपन्या आधीच्या ठिकाणी चौकशी करतात. आणि ज्या धंद्यात नोंद म्हणजेच विश्वास, तिथं पहिलाच कागद खोटा देऊन आत शिरायचं?

हेच बाहेर पडतानाही. कंपनीतून शिस्त घेऊन या, सवयी घेऊन या, ओळखी घेऊन या. फॉर्म्युला, एसओपीच्या झेरॉक्स, गिऱ्हाइकांच्या याद्या आणू नका. जॉइन होताना बाँडवर, गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली तर वाचून सही करा. मामाला नाहीतर वकिलाला दाखवा, पण वाचा.

एमआरचा इंटरव्ह्यू कमी समजू नका

बीएस्सीवाल्यांना कारखान्यात जागा नाही मिळाली की एमआरचा पर्याय येतो, आणि घरचे नाक मुरडतात, "बॅग घेऊन फिरायचं काम." मी म्हणतो, विक्री शिकायची याच्यापेक्षा चांगली शाळा शोधून दाखवा. पगार घेऊन शिकवतात!

मिरज हे पूर्वीपासून दवाखान्यांचं गाव. सांगली-मिरजेत, साताऱ्यात, कऱ्हाडात वर्षभर एमआर म्हणून फिरलात तर काय कळतं? कोणता डॉक्टर काय लिहितो, स्टॉकिस्ट किती दिवसांची उधारी देतो, एक्स्पायरीचा माल कोण परत घेतो, कोणाचे चेक परत येतात. इंटरव्ह्यूत विचारतात, "डॉक्टर दोनच मिनिटं देणार आहेत, काय बोलाल?" हे ज्याला जमलं त्याला उद्या स्वतःचा माल विकताना घाम फुटत नाही.

आता रिजेक्ट झालेल्यांसाठी

रिजेक्ट झालं की राग येतो. शेजारच्याला कळतं, नातेवाईक विचारतात. मग वडील म्हणतात, "जाऊ दे, उसाचं बिल आलंय, तुला दुकान टाकून देतो." प्रेम आहे त्यात. पण रागाच्या भरात टाकलेलं दुकान वडिलांच्या पैशावर उभं असतं हे विसरू नका.

जरा हिशोब करू. सरकारी किंमत नियंत्रणाखालच्या औषधांत, २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार, किरकोळ दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलंय. जीएसटी बाजूला ठेवू. १०० रुपयांना घेतलं, ११६ ला विकलं. आता समोरच्यानं १० टक्के डिस्काउंटची पाटी लावली म्हणून तुम्हीही लावली. ११६ चे १० टक्के म्हणजे ११ रुपये ६० पैसे गेले. हातात राहिले ४ रुपये ४० पैसे. त्यातून भाडं, लाईट, फ्रिज, पोराचा पगार, एक्स्पायरी, उधारी. बाकीच्या औषधांत मार्जिन जास्त मिळतं हे मान्य, पण डिस्काउंटची पाटी तिथंही लागतेच. आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट दुकानात हजर हवा. सर्टिफिकेट भाड्यानं घेऊन दुकान चालवणं हा गुन्हा आहे, जुगाड नाही.

मेडिकल टाकूच नका असं मी म्हणत नाही. चांगली चालणारी मेडिकल आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे, की "रिजेक्ट झालो" हे दुकान टाकायचं कारण होऊ शकत नाही. "या चौकात संध्याकाळी दोन दवाखाने चालतात आणि रात्री दहानंतर औषध मिळत नाही" हे कारण होऊ शकतं.

आपल्याच सांगली जिल्ह्यातलं मोठं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. बढतीत डावललं गेलं, मनाला लागलं, नोकरी सोडली. गोष्ट सांगणारे इथंच थांबतात. पण नोकरीत असतानाच ते मुंबईतून सायकली घेऊन बेळगावला भावाकडे पाठवत होते, म्हणजे धंद्याची चव आधी घेतली होती. पुढं बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि औंधच्या राजांनी जागा दिल्यावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. अपमानानं त्यांना धक्का दिला असेल, पण कारखाना उभा राहिला तो वर्षानुवर्षं शिकलेल्या कामावर.

फार्मातलंच बघायचं तर डॉ. अंजी रेड्डी. आधी सरकारी आयडीपीएलमध्ये नोकरी केली, मग भागीदारीत कंपन्या काढून बघितल्या, आणि १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज उभी केली. यातलं काही एका रात्रीत झालं नाही.

दुसरी बाजूही ऐका

तुम्ही म्हणाल, सर, कंपनीत सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, शिफ्ट बदलतात, कंत्राटावर ठेवतात, एकाच मशीनवर वर्षभर उभं करतात. खरं आहे. काही ठिकाणी पिळवणूकही होते. म्हणून नोकरीत जाताना तारीख ठरवून जा. दोन वर्षं, फार तर तीन. आणि या काळात काय शिकायचं त्याची यादी खिशात ठेवा. तारीख नसेल तर दोनाची दहा वर्षं होतात आणि मग घराचा हप्ता धंदा करू देत नाही.

दुसरं, कारखान्यात तुम्हाला वसुली शिकायला मिळत नाही, गिऱ्हाईक जोडायला शिकायला मिळत नाही. ते बाहेर येऊनच शिकावं लागतं. नोकरीनं तुम्ही उद्योजक व्हाल असा माझा दावा नाही. ज्या चुका दुसऱ्याच्या कारखान्यात, देखरेखीखाली आणि पगार घेत शिकता येतात, त्या स्वतःच्या कर्जावर का शिकायच्या, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि एक सावधगिरी. इंटरव्ह्यूसाठी, ट्रेनिंगसाठी, युनिफॉर्मसाठी कुणी पैसे मागितले तर तिथंच थांबा. मोठ्या फार्मा कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवरच लिहून ठेवलंय की नोकरीसाठी आम्ही पैसे घेत नाही. "आतली ओळख आहे, तीस हजार द्या" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि एसटी पकडा.

या आठवड्याचं काम

१. एक वही घ्या. शेवटच्या इंटरव्ह्यूत विचारलेले सगळे प्रश्न आठवून लिहा. न आलेल्यांना गोल करा.

२. प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: माझ्या धंद्यात हा प्रश्न मला कोण विचारेल?

३. जे करायचंय त्याला कोणतं लायसन्स लागतं आणि त्यात किती अनुभव लागतो, हे जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन विचारा. व्हॉट्सॲपवर नको, प्रत्यक्ष जा.

४. इंटरव्ह्यू आला असेल तर जा. ओरिजिनल कागद, झेरॉक्सचे दोन सेट, पाण्याची बाटली. माहीत नसलेल्या प्रश्नाला "माहीत नाही सर, बघून सांगतो" म्हणायला शिका. धंद्यातही हे वाक्य ज्याला जमतं त्याच्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं.

५. रिजेक्ट झालात तर दुकानाचा निर्णय किमान तीन महिने पुढं ढकला. त्या तीन महिन्यांत एखाद्या मेडिकलमध्ये किंवा होलसेलरकडे काम करा. मग वरचा ११६ रुपयांचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी मांडा आणि वडिलांसमोर ठेवा. आकडे बघून ते हो म्हणाले तर खुशाल टाका.

धंदा करा, जरूर करा. फक्त शिकून करा. पुढच्या व्हिडिओत होलसेल लायसन्सचे कागद एक-एक करून दाखवतो. तोपर्यंत वही भरून ठेवा.